ओव्हरक्लॉकिंगच्या सल्ल्यात वऱ्हाडचा उन्हाळाही धरा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ओव्हरक्लॉकिंग करून, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवून, कॉम्प्युटरचा वेग कसा वाढवावा, यावरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. लेख मन लावून लिहिलेला आहे आणि बायोसमधली, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावरची, माहितीही बरोबर आहे. पण चाचणी घेतली त्या खोलीचं तापमान किती होतं आणि मशीनचा आवाज किती होता, या दोन गोष्टी त्यात कुठेच नाहीत. मी अकोल्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. असा सल्ला वाचून वेग वाढवलेल्या मशीन मार्च सरता सरता माझ्या टेबलावर यायला लागतात. गिऱ्हाइकाची तक्रार वेगाबद्दल क्वचितच असते. "भाऊ, लय आवाज करते हे," एवढंच तो सांगतो.

हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला धातूच्या पात्यांचा आणि पंख्याचा ठोकळा, प्रोसेसरची उष्णता संपवत नाही, ती उचलून खोलीतल्या हवेत सोडतो. त्यामुळे खोली जितकी तापलेली, तितका प्रोसेसर तापलेला. समजा, ठरावीक कामाला आणि पंख्याच्या ठरावीक वेगाला प्रोसेसर खोलीपेक्षा 50 अंशांनी गरम राहतो. एसी लावलेल्या 22 अंशांच्या खोलीत तो 72 वर थांबेल. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर 40-42 अंश सहज होतात. तिथे तोच प्रोसेसर, तीच सेटिंग, तोच हीटसिंक असला तरी काटा 92 वर जाईल. एएमडीच्या रायझन 7 5800एक्सची मर्यादा 90 अंशांची आहे. ती ओलांडायची वेळ आली की पंखा जिवाच्या आकांताने फिरतो, आणि तरीही भागलं नाही तर प्रोसेसर वेग उतरवतो किंवा मशीन बंद पडते. ज्या वेगासाठी खटाटोप केला तोच उन्हाळ्यात हातचा जातो आणि घरात उरतो तो आवाज.

गेल्या उन्हाळ्यातलं एक उदाहरण देतो. लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारा एक मुलगा असाच 5800एक्स घेऊन आला. आई रात्रपाळीची नर्स. ती दिवसा झोपते, हा दिवसा काम करतो आणि घर दोन खोल्यांचं. विकणाऱ्याने थंडीत सगळ्या कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) 4.6 गिगाहर्ट्झला आणि व्होल्टेज 1.35 व्होल्टला कायमचं बांधून दिलं होतं. 2020 साली आलेल्या या प्रोसेसरच्या बॉक्समध्ये हीटसिंक मिळतच नाही. आठही कोअर जेमतेम 80 चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या एका तुकड्यावर आहेत, त्यामुळे उष्णता एवढ्याशा जागेतून ओढून घ्यावी लागते. आणि त्याच्यावर बसवला होता 92 मिलिमीटर पंख्याचा हलका हीटसिंक.

कॅबिनेट उघडलं. समोर अख्खी काच, हवा आत यायला कडेला बोटभर फट. घर जिनिंगजवळ असल्याने फटीमागच्या जाळीवर कापसाचे तंतू असे बसले होते की नखाने ओढल्यावर अख्खा पापुद्रा सलग निघून आला. हीटसिंकचा एक स्क्रू पुरता आवळलेला नव्हता. त्यामुळे प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा थर एका कडेला पातळ आणि दुसऱ्या कडेला जाड राहून कडक झाला होता. यातलं काहीही बायोसच्या पडद्यावर दिसत नाही.

अशा वेळी लोक आधी महागडा हीटसिंक घ्यायला धावतात. माझं सांगणं आहे, आधी व्होल्टेज उतरवा. त्याला पैसा लागत नाही. प्रोसेसर जी वीज खातो ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात वाढते. या मशीनचं व्होल्टेज 1.35 वरून 1.2 वर आणि वेग 4.6 वरून 4.4 गिगाहर्ट्झवर आणला. हिशेब करून पाहा: वेग चार-साडेचार टक्क्यांनी घटला आणि उष्णता सुमारे एक चतुर्थांश. तासाभराच्या एक्सपोर्टला (तयार व्हिडिओची फाइल काढायला) दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. वऱ्हाडातल्या प्रत्येक ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनवर हा सौदा करावा असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक चिप थोडी वेगळी असते, म्हणून व्होल्टेज पायरीपायरीने उतरवावं आणि प्रत्येक पायरीला मशीन तासभर पूर्ण भाराखाली चालवून पाहावी.

मग हीटसिंक. 140 मिलिमीटरचा पंखा 92 च्या पंख्यापेक्षा क्षेत्रफळाने जवळपास सव्वादोन पट मोठा असतो, त्यामुळे तेवढीच हवा तो बऱ्याच कमी वेगाने ढकलतो. वेग निम्मा झाला की पंख्याचा आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो आणि 10 डेसिबल उतरले की कानाला तो निम्मा वाटतो. मात्र विकत घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी मोजा. नॉक्टुआचा एनएच-डी15 फार चांगला आहे, पण त्याची उंची 165 मिलिमीटर आहे आणि पुष्कळ कॅबिनेटची बाजूची झडप त्यावर लागत नाही. या मुलाला एकाच पंख्याचा, मध्यम किमतीचा, टॉवरसारखा उभा हीटसिंक पुरला. समोरची काच काढून जाळीचं पॅनेल लावलं. जाळी दर महिन्याला धुवायची, कापसाच्या हंगामात दर आठवड्याला.

पंख्याच्या सेटिंगबद्दल तुमच्या लेखात एक ओळसुद्धा नाही. एकसुरी आवाजाची माणसाला सवय होते. दर दहा सेकंदांनी चढणारा-उतरणारा आवाज मात्र झोपू देत नाही. प्रोसेसरचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं आणि पंखा त्याच्या मागे धावतो. बहुतेक मदरबोर्डच्या (मशीनच्या मुख्य सर्किट बोर्डच्या) बायोसमध्ये पंख्याचा वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असते. ती चालू केली आणि 75 अंशांपर्यंत पंख्याचा वेग सपाट ठेवला. त्यानंतर जो आवाज राहिला तो ग्राफिक्स कार्डचा निघाला. त्याचंही व्होल्टेज थोडं उतरवलं. त्या माउली आता दिवसा झोपतात.

वॉटर कूलिंगबद्दलही लिहायला हवं, कारण पाणी म्हटलं की गारवा असं आपल्याकडे गृहीत धरतात. खिडकीतल्या कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, म्हणून तो बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा देतो. प्रोसेसरच्या वॉटर कूलिंगमध्ये पाणी बंद नळ्यांतून फिरतं, वाफ होतच नाही. ते पाणी खोलीच्या तापमानाच्या खाली कधीही जात नाही, ते थंड करणाऱ्या रेडिएटरला पंखे लागतातच आणि वर पंपाची बारीक घरघर येते. मोठ्या रेडिएटरने फायदा होतो, नाही असं नाही, पण 42 अंशांच्या खोलीत तोही 42 पासूनच सुरुवात करतो. आणि घरच्या कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. इथल्या खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागातलं, पाणी कूलरच्या जाळ्यांवर पांढरी पुटं चढवतं हे सगळ्यांना माहीत आहे. त्या पाण्याचे तुषार उडून मदरबोर्डवर बसले तर तेच क्षार तिथे साचतात.

माझी विनंती एवढीच की, यापुढे पुरवणीत वेगाचे आकडे छापाल तेव्हा शेजारी खोलीचं तापमान, व्होल्टेज आणि एक मीटरवरून मोजलेला आवाजही छापावा. विक्रेत्यांनाही आपल्या अंकातून सांगावं की, वेग वाढवून मशीन विकत असाल तर लावलेलं व्होल्टेज आणि हीटसिंकचं मॉडेल बिलावर लिहा. तसं लिहिलेलं असेल तर माझ्यासारख्याचा अर्धा दिवस आणि गिऱ्हाइकाचा अर्धा खर्च वाचेल.

पुढची चाचणी आपल्या प्रतिनिधींनी मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास अकोल्यात घ्यावी. माझ्या दुकानात एसी नाही. टेबल, विजेचा मीटर आणि आवाज मोजायचं यंत्र आहे, ते हवं तितका वेळ वापरायला देईन.

आपला नियमित वाचक,
एक कॉम्प्युटर दुरुस्ती व्यावसायिक, अकोला