अर्धी भिंत दिल्याबद्दल, मराठीच्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ झाले, भाषणे झाली, मराठीच्या निकालाचे कौतुक झाले. गणिताचे नाव मात्र कोणी काढले नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आपल्या शाळेत येणारी मुले तुम्हाला माहीतच आहेत. चौथीपर्यंत सरकारी शाळेत मराठीतून शिकतात, घरी कोकणी बोलतात आणि पाचवीला एकदम इंग्रजीतून गणित. उत्तर विचारले तर चटकन सांगतील, पण ‘कसे काढलेस?’ म्हटले की फळ्याकडे बघत उभी. हे मी स्टाफरूममध्ये बोलले, तेव्हा पेपर तपासता तपासता, मान वर न करता तुम्ही म्हणालात, “बरोवंक लाय गो तांकां.” लिहायला लाव त्यांना.

गणितात लिहायचे काय, असे मी विचारायच्या आत तुम्ही भित्तिपत्रकाची अर्धी जागा आम्हाला देऊन टाकली होती. उत्तर नको, रीत लिहायची. भाषा कुठलीही चालेल. आणि खाली कोणीही चिठ्ठी चिकटवावी, पण तिच्यात ‘छान’ लिहायचे नाही, प्रश्न विचारायचा. हा शेवटचा नियम तुमचा. खरी गंमत त्यातच होती.

गणेश चतुर्थीच्या सुट्टीनंतर सहावीतल्या एका मुलीने माटोळीबद्दल, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळे-भाज्या बांधलेल्या लाकडी चौकटीबद्दल, लिहिले: “आमची माटोळी ६ फूट बाय ४ फूट. कडेने मोजली तर २० फूट. काकांची ५ बाय ५, तीपण २०. म्हणजे दोन्ही सारख्याच.” संध्याकाळपर्यंत खाली चिठ्ठी: “मग काकांकडे जास्त फळे कशी मावली?” मग कोणी चौकटीच्या कागदावर दोन्ही माटोळ्या काढून घरे मोजली. एकीत २४, दुसरीत २५. तिसऱ्याने ९ बाय १ची काढली. तिचीही कड २०च, घरे मात्र ९. त्याखाली कोणाची तरी चिठ्ठी: “हिच्यात नुसती तवशी (काकड्या) लावायची काय?” परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत सूत्रे घोकून जात नाही, हे गणिताच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. त्या माटोळ्यांपुढे ती गेली.

एकाने ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठे, कारण ३५ हे ५ पेक्षा मोठे, असे ठासून लिहिले होते. पेपरात मी फुली मारून पुढे गेले असते. इथे त्याचा विचार कुठून निघाला ते दिसले. “तुला ३५ पैसे हवेत की ५०?” या एका चिठ्ठीवर त्याचे काम झाले.

आणि ते भुंगे! भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तले, ११५० सालचे. तुम्ही श्लोक अर्थासकट सुंदर अक्षरात लिहून लावलात: पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा शिलींध्रावर, त्या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुटजावर आणि एक भुंगा नुसताच हवेत भिरभिरतोय. एकाने थेट १५ धरले, कारण त्याला ३ आणि ५ दोन्हींनी भाग जातो. ३, ५ आणि ६ मिळून १४, उरला १. लगेच चिठ्ठी: “३०लाही भाग जातो, ३० का नाही?” उत्तर आले, “मग दोन भुंगे भिरभिरतील.” पडताळा घ्या, पडताळा घ्या म्हणून मी वर्गात घसा कोरडा करते, तो इथे न सांगता झाला.

सगळेच लिहू लागले असे नाही. काही जण अजून ‘सोपे आहे’ एवढेच लिहून पळतात. पालकही विचारतात, पोर्शन कधी संपणार? संपतो. थोडी घाई होते, एवढेच.

बाई, जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तुम्ही त्या चिठ्ठ्या वाचायचात. ऱ्हस्व-दीर्घ तुमच्या डोळ्यांना टोचत असणार, तरी तिथे कधी लाल पेन काढले नाहीत. त्याबद्दल तुमचे वेगळे आभार मानायचे राहिले होते.

सध्या सातवीची ऋण संख्यांवर जुंपली आहे. उणे तीनमधून उणे पाच वजा केले तर उत्तर वाढते कसे, यावर दोन तट पडलेत आणि दोघांनाही तुमची चिठ्ठी हवी आहे. डिचोलीच्या बाजाराला याल तेव्हा शाळेत डोकावून जा.

तुमची,
शेजारच्या वर्गातली गणिताची टीचर