बीपी नसताना बीपीची गोळी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई हळूच म्हणाली, "यांनी ती छोटी गोळी आठवडाभर घेतलेलीच नाही." मागून बाबांचा आवाज आलाच, "मला बीपी कुठंय? मशीनवर 118 येतंय. मग बीपीची गोळी कशाला?" मी चिडले आणि फोन ठेवला. रात्री झोप लागेना तेव्हा कळलं, की बाबांचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर त्यांना कुणी दिलंच नाही. घरातली डॉक्टर असून मीही नाही. म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही.

बाबा, मशीन मोजतं तो दंडातल्या रोहिणीचा दाब. तुमची गोळी आहे पोटातल्या एका शिरेच्या दाबासाठी. दंडाला पट्टा बांधून तो कळत नाही. नेमका मोजायचाच म्हटला, तर मानेतल्या शिरेतून बारीक नळी यकृतापर्यंत न्यावी लागते.

या शिरेचं नाव पोर्टल व्हेन. लॅटिनमध्ये पोर्टा म्हणजे दार. यकृताच्या दारातून आत शिरते म्हणून हे नाव. जेमतेम आठ सेंटिमीटर लांब. पहिल्या वर्षाला डिसेक्शन हॉलमध्ये मी ती प्रथम पाहिली. जठर वर उचलायचं, स्वादुपिंड अलगद पुढे घ्यायचं, की त्याच्या मानेमागे दोन शिरा एकमेकींना मिळताना दिसतात. एक आतड्यांकडून वर येते, दुसरी प्लीहेकडून आडवी. तिथून पुढे पोर्टल व्हेन. मी घाईत चिमटा ओढला आणि जठराच्या कडेकडून येणारी दोऱ्याएवढी फांदी तोडली. सर म्हणाले, "नेमकी तीच तोडलीस? पुढे सगळ्यात जास्त छळणार आहे ती." तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. या फांदीकडे मी परत येणार आहे.

शरीरातल्या बहुतेक शिरा रक्त गोळा करून हृदयाकडे नेतात आणि मोकळ्या होतात. ही तसं करत नाही. आतड्यांतल्या केशवाहिन्यांमधून गोळा केलेलं रक्त ती यकृतात नेऊन पुन्हा केशवाहिन्यांसारख्या बारीक वाटांमध्ये पसरवते. पोटात गेलेलं अन्न, औषध, विष, सगळ्याची झडती आधी यकृतात, मग बाकीच्या शरीरात. छातीत दुखताना नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली ठेवतात ती याचसाठी. गिळली तर यकृतच तिचा बराचसा निकाल लावतं. मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त यकृतात जातं, त्यातला पाऊण हिस्सा या एका शिरेतून.

एवढं रक्त, पण दाब अगदी मवाळ: पाऱ्याचे पाच ते दहा मिलिमीटर. यकृत मऊ असतं तोवर हे सहज निभतं. तुमचं यकृत चरबीनं आणि मधुमेहानं हळूहळू घट्ट झालंय. (हो, दारूच्या थेंबालाही न शिवता असं होतं. हे मी कुणालाही सांगायला तयार आहे, तुम्ही उगाच मान खाली घालू नका.) बंधाऱ्यामागे पाण्याला फुगवटा यावा तसं रक्त मागे तुंबतं. तुमच्या सोनोग्राफीत पोर्टल व्हेन 14 मिलिमीटर रुंद आणि प्लीहा मोठी लिहिलंय, ते याच फुगवट्यामुळे. प्लेटलेट्स कमी येतात त्याही बहुतेक सुजलेल्या प्लीहेत अडकून पडल्यामुळे.

या शिरेला झडपाही नाहीत. पायातल्या शिरांना असतात, म्हणून तिथलं रक्त सहसा मागे फिरत नाही. इथे पुढचा रस्ता अडला की रक्त उलटं वळतं आणि हृदयाकडे जायला आडवाटा शोधतं. बेंबीभोवती, गुदद्वाराजवळ, आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला पोर्टल शिरांची टोकं इतर शिरांना भेटतात. अन्ननलिकेकडे रक्त नेते ती माझ्या हातून तुटलेली फांदी. त्या पातळ भिंतीखाली एरवी न दिसणाऱ्या शिरा दोरासारख्या फुगतात. "दुखणं यकृताचं, मग दुर्बीण घशात का घातली?" असं तुम्ही विचारलं होतंत ना? त्या शिरा बघायला. पोर्टल व्हेन आणि यकृतातून बाहेर पडणारी शीर यांच्या दाबातला फरक दहाच्या वर गेला की त्या फुगू शकतात आणि बाराच्या वर गेला की फुटण्याचा धोका खरा. फुटल्या तर रक्ताची उलटी होते, आणि ती लहानसहान नसते. ड्युटीवर मी ती पाहिली आहे, इथे वर्णन करत नाही.

तुमची छोटी गोळी आतड्यांकडे जाणारं रक्त कमी करते आणि हृदयाचे ठोके मंद करते. वरून येणारं पाणी कमी, म्हणून फुगवटा कमी. मात्र ती एकदम बंद करणं वाईट. चक्कर आली किंवा वरचं बीपी 90 च्या खाली गेलं तर डॉक्टरांना फोन करा. डोस तेच ठरवतील.

आई, आता तुझ्यासाठी. बाबांना डांबरासारखी काळी, चिकट शौचाला झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर माझ्या फोनची वाट पाहू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ. ते दिवसा झोपून रात्री जागे राहू लागले, अक्षर बिघडलं, बोलण्यात घोळ व्हायला लागला, तरीही तेच. यकृताला चुकवून आडवाटेनं गेलेलं रक्त अमोनियासकट मेंदूपर्यंत पोहोचतं, त्याचा हा परिणाम. बद्धकोष्ठता झाली की हे वाढतं, म्हणून पोट साफ राहू दे. आणि कंबर दुखली म्हणून यांनी कपाटातली दुखण्याची गोळी घेतलेली मला चालणार नाही.

गोळी आज रात्रीपासून स्वतःहून सुरू करू नका. आठवड्याचा खंड पडलाय, आधी डॉक्टरांना विचारा, मीही बोलते. सुरू झाली की रोज सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, नाडी मोजायची. सहसा 55 ते 60 पर्यंत आणतात. आकडा आई सांगेल. बाबा, तुम्ही सांगितलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

तुमची,
चिमणी