आधी रिकामा केग तपास

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

बाटल्या धुऊन कंटाळलो, आता घरी केलेली बिअर केगमध्येच, म्हणजे झाकणाच्या स्टीलच्या पिंपातच भरणार, असं परवा फोनवर म्हणालास. पटलं मला. १९ लिटरचा एक घाणा म्हणजे ३३० मिलीच्या ५७ बाटल्या. त्या धुवा, निर्जंतुक करा, बाटलीत गॅस तयार व्हावा म्हणून साखर मोजा, भरा, झाकणं ठोका, आणि मग दोन-तीन आठवडे वाट बघा. साखरेचा अंदाज चुकला की काय होतं ते तुला आठवत असेलच. रात्री दोनला कपाटात बाटल्या फुटल्या आणि तुझी आई चोर आला म्हणून लाटणं घेऊन उठली.

पण केगचं दुखणं निराळं. तिथे गॅस, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सिलिंडरमधून द्यायचा. आवाज होत नाही, तो मुकाट्याने निघून जातो. माझा पहिला सिलिंडर एका रात्रीत रिकामा झाला. संध्याकाळी ऐटीत जोडला, सकाळी काटा शून्यावर. दिवसभर नळ्या चाचपल्या, रेग्युलेटरला शिव्या दिल्या. शेवटी ब्रशने साबणाचं पाणी लावत गेलो, तर झाकणाच्या कडेला एकाच जागी मोहरीएवढा बुडबुडा फुगायचा, फुटायचा, परत फुगायचा. खालची रबरी रिंग जराशी मुडपली होती, बस्स.

म्हणून आधी रिकामा केगच तपास. रिंगेला खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस लाव, ३० पीएसआय (हे दाबाचं माप) दाब देऊन झाकण बसव, सिलिंडरचा कॉक बंद कर आणि रात्रभर काटा बघ. बिअर भरल्यावर हे कळत नाही, कारण ती स्वतःच गॅस पिते आणि गळती नसतानाही काटा उतरतो. जुना केग घेतलास तर तो बहुधा शीतपेयाचा असेल. त्या रबराचा वास धुऊन जात नाही, सगळ्या रिंगा सरळ बदलून टाक.

भरल्यावर गॅस सोडून झाकणावरचा व्हॉल्व्ह चार-पाच वेळा उघड आणि आतली हवा घालव, नाहीतर महिन्याभरात बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. मग गॅस बिअरमध्ये मुरायला फ्रिजमध्ये ४ अंशांना, १२ पीएसआयवर, दहा-बारा दिवस. दाब वाढवून केग हलवला की एका दिवसात काम होतं म्हणतात. होतं, पण मी केलं तेव्हा ग्लासात नुसता फेस. फेस तोटीची नळी आखूड असली तरी येतो. तीन मीटर ठेव. आणि सिलिंडर कोंदट खोलीत नको. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो आणि माणसाला कळतही नाही. या एका बाबतीत माझं ऐक.

बाटल्या मात्र सगळ्या भंगारात देऊ नकोस. डझनभर ठेव, केग काही कुणाकडे नेता येत नाही. इकडे येशील तेव्हा चार भरून आण. केगमधून भरताना सवयीने साखर घालशील, ती घालू नकोस, गॅस आधीच असतो. कपाट आत्ताच रंगवून घेतलंय.

तुझे,
बाबा