काढा बंद केला म्हणून रागावू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी निघताना फडताळातली हळदीच्या कॅप्सूलची बाटली आणि बाबांनी काढ्यासाठी वाळवलेली लक्ष्मणफळाची पाने मी पिशवीत घालून घेऊन आले. विचारले असते तर बाबा "एवढी संपेपर्यंत तरी राहू दे" म्हणाले असते आणि मला ते मोडवले नसते. आईच्या कर्करोगाच्या डॉक्टरांनाही दोन्हींची नावे कळवली आहेत.

बाबा, पहाटे पाचला उठून तुम्ही काढा उकळता, तो कशासाठी हे मला दिसत नाही का? आणि झाडापाल्यात कर्करोग रोखणारी द्रव्ये असतात हे तुमचे म्हणणे खरेच आहे. आईला मंगळवारी सलाईनमधून द्यायचे औषध, पॅक्लिटॅक्सेल, मूळचे झाडाच्या सालीतलेच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या यू झाडाची साल १९६२ मध्ये गोळा केली गेली आणि त्यातल्या द्रव्याची रचना १९७१ मध्ये ज्यांनी मांडली, त्यांत मनसुख वाणी होते. आई, तुझ्या नंदुरबारचे! दारातली सदाफुलीही अशीच औषध देणारी. तिच्यातले विनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात देतात.

पेशीची दोन शकले होताना आत बारीक नळ्यांचे धागे ताणले जातात आणि त्यांवरून गुणसूत्रे दोन टोकांना ओढली जातात. सदाफुलीतले द्रव्य हे धागे जुळूच देत नाही, यूमधले ते सुटू देत नाही. कसेही झाले तरी पेशी अर्ध्यावर अडकून मरते.

पण सगळा खेळ मात्रेचा आहे. शंभर वर्षांच्या यूच्या सालीतून जेमतेम ३०० मिलिग्रॅम औषध निघते आणि आईचा एक डोस साधारण २६० चा. म्हणजे डोसाला एक झाड! (आता सुया आणि कोवळ्या फांद्यांतले द्रव्य घेऊन पुढचे काम कारखान्यात करतात, झाड तुटत नाही.) पाने उकळून हे हिशेब बसत नाहीत.

हळदीचेही तेच. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत हळदीतले करक्युमिन कर्कपेशींची वाढ थांबवते, कारण तिथे पेशी त्यात बुडवलेल्याच असतात. पोटात घेतले की आतडे आणि यकृत त्याचे रूप पालटून ते बाहेर टाकतात. दिवसाला ३.६ ग्रॅम घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तातही ते बशीतल्यापेक्षा शेकडो पटींनी कमी सापडले. म्हणून अशा कॅप्सूलमध्ये मिऱ्यातले पिपरीन घालतात. २ ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिले तर शोषण सुमारे २० पट वाढते. माझी भीती नेमकी इथेच आहे. यकृतातल्या ज्या एन्झाइमांनी पॅक्लिटॅक्सेल मोडते, त्यांतल्या एकाला पिपरीन अडवते. मोजून दिलेले औषध मग अंगात जास्त वेळ राहू शकते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणखी घटू शकतात. लक्ष्मणफळातले ॲनोनासिन तर मज्जातंतूंच्या पेशींनाच बाधते, आणि पॅक्लिटॅक्सेलने आधीच बोटांना मुंग्या येतात. त्यावर आणखी भार नको.

आमटीतली हळद मात्र घालत राहा. अर्धा चमचा हळदीत पन्नासेक मिलिग्रॅम करक्युमिन, त्याने काही अडत नाही. फोडणीतले मिरेही चालेल. गुडघा फुटला की तू हळद दाबायचीस आणि बाबा फुंकर घालायचे, ती हळद मी कशी बंद करीन?

आता नीट ऐका. सलाईन सकाळी दहाला आहे. डेक्सामेथासोनच्या गोळ्या सोमवारी रात्री दहाला आणि मंगळवारी पहाटे चारला, दोन्ही वेळा बिस्किट-दुधाबरोबर. बाबा, गजर तुम्ही लावायचा. एखादी वेळ चुकली तर लपवू नका, सुई लावण्याआधी नर्सला सांगा. औषध ज्या एरंडेलापासून केलेल्या द्रवात विरघळवतात, त्याची ॲलर्जी पहिल्या काही मिनिटांत उसळू शकते, गोळ्या त्यासाठीच असतात. छाती आवळली, चेहरा लाल झाला, पाठ दुखली तर आई, सोसत बसू नकोस, लगेच हाक मार.

दुसऱ्या आठवड्यात रोज दोनदा ताप मोजा. १००.४ झाला की क्रोसिन न देता थेट दवाखाना, रात्रीचे दोन वाजले असले तरी. गव्हांकुराचा कच्चा रस आणि बाहेरचे उसाचे रस महिनाभर बंद. फळे सोलून खायची.

केस दोन-तीन आठवड्यांनी जातील. केसांच्या मुळांतल्या पेशीही वेगाने वाढतात, म्हणून औषध त्यांनाही लागते. औषध संपल्यावर केस परत येतात. मऊ सुती रुमाल चार घेतले आहेत, निळा तुझ्या आवडीचा. पलंग खिडकीपाशी सरकवायला दादाला सांगितले आहे, न्हाणीघरात स्टूल ठेवायलाही. मऊ भात आणि मुगाचे वरण वहिनी करेल, तू ओट्यापाशी जाऊ नकोस. बोटांच्या मुंग्यांमुळे ब्लाउजचे हुक लावायला जड जाऊ लागले तर मला सांग, डोस कमी करता येतो.

बाबा, पहाटे पाचला उठायची सवय सोडू नका. काढ्याच्या पातेल्यात आईसाठी पाणी उकळून गाळून भरून ठेवा, दिवसभराचे दोन लिटर. मी सोमवारी रात्री आठच्या गाडीने पोहोचते. जेवायला थांबू नका.

तुमची,
मनी