फुकटच्या इच्छा

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत मुलांच्या फँटसी कादंबऱ्यांवरच्या सिनेमांबद्दल लेख आलाय, त्यात म्हटलंय की पुस्तकाशी प्रामाणिक राहायच्या नादात सिनेमा लांबतो, मुलं चुळबुळ करतात, म्हणून कापाकापी हवीच. हवीच ना, कोण नाही म्हणतंय! १९३९ च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ'मध्ये नायिका डोरोथीचे पुस्तकातले चंदेरी बूट लाल केले, का तर रंगीत सिनेमात लाल जास्त उठून दिसतो, त्याने कोणाचं काय बिघडलं? (शेवटी सगळं स्वप्नच होतं असं दाखवलं ते मात्र नाही पटलं, पुस्तकात ऑझ हा जादूचा देश खरंखुरा आहे. असो.)

माझी तक्रार वेगळी आहे. 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' घ्या, मिखाएल एंडेंचं १९७९ चं पुस्तक, सिनेमा १९८४ चा. पुस्तकातला बॅस्टियन लठ्ठ, बुजरा, सगळे चिडवतात असा पोरगा आहे. तो गोष्टीच्या जगात शिरतो आणि मागेल ते मिळायला लागतं, पण एक इच्छा पुरी झाली की घरची एक आठवण गेली, असा तिथला हिशोब. देखणं व्हायचंय म्हणतो, होतो, आणि आपण कधी लठ्ठ होतो हेच विसरतो. असं करत करत आईबाबा विसरतो, शेवटी स्वतःचं नावसुद्धा. सिनेमा यातलं काहीच दाखवत नाही, तो अर्ध्या पुस्तकातच संपतो. बॅस्टियन मुळात बारीकच घेतलाय, हव्या तेवढ्या इच्छा कर असं त्याला सांगितलं जातं, आणि मग ड्रॅगनवर बसून तो त्रास देणाऱ्या पोरांना पळवून लावतो, टाळ्या. एंडे इतके वैतागले की माझं नाव काढा म्हणाले, कोर्टात गेले आणि केस हरले.

पात्रं गाळा, प्रकरणं गाळा, काही म्हणणं नाही, पण जादूची किंमतच गाळली तर उरतं काय, नुसती उडाउडी! 'मुलांना झेपणार नाही' म्हणून हे करतात म्हणे.

माझ्या मुलीने आधी सिनेमा पाहिला, मग आम्ही रोज रात्री थोडं थोडं पुस्तक वाचलं. बॅस्टियन आपला लठ्ठपणा विसरतो तिथे तिने पुस्तक हातातून ओढून घेतलं आणि भराभरा मागची पानं उलटायला लागली, "अरे बाबा, इथे लिहिलंय ना, मग त्याला आठवत कसं नाही?" लाईट बंद करून झाल्यावरही अंधारात दोनदा विचारलं, त्याला त्याचे बाबा आठवतील ना परत? रडली नाही, घाबरली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून पुस्तक घेऊन बसली.

पुस्तक संपल्यावर विचारलं, सिनेमा परत लावू का? म्हणाली, नको, त्यात तो काहीच विसरत नाही.

आपला,
एक वाचक