औषधाने बरा झालेला कोंबडा

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

भरल्या अंगाचा, लालबुंद तुऱ्याचा तो कोंबडा वंशाला ठेवायचा, हे आमच्या घरात जवळजवळ ठरलेलंच होतं. तुम्ही त्याला उचललंत, कानाशी धरून श्वास ऐकलात आणि विचारलंत, "याला कधी औषध दिलंय?" दिलं होतं. घरघर लागली होती, मग बरा झाला. "मग हा नको," एवढंच म्हणालात. तेवढ्यासाठीच हे पत्र.

आजारातून उठला म्हणजे काटक, असं आपण सरसकट धरतो. पण अशी घरघर लावणारे मायकोप्लाझ्मा नावाचे जंतू बऱ्या झालेल्या पक्ष्याच्या अंगात ठाण मांडून बसतात आणि कोंबडीच्या अंड्यातून थेट पिल्लांत उतरतात, हे तुम्ही न कंटाळता समजावलंत. त्याच्यासोबत राहिलेल्यांचं रक्त तपासून घ्यायलाही तुम्हीच लावलंत. ते आम्हाला सुचलंच नसतं.

नंतर तुम्ही दुसऱ्या खुराड्यातली ती पिसं विस्कटलेली जुनी कोंबडी मागितलीत, तेव्हा खरं सांगतो, हसू आलं होतं. दोन वर्षांच्या पुढची ती, तिच्याकडे कोण बघतंय! तुम्ही तिला उलटी धरून छातीच्या हाडावरून बोट फिरवलंत, हाड सरळ. शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमध्ये तुमची तीन बोटं सहज मावली, म्हणजे अंडी चालू. बूड स्वच्छ, पायाचे खवले सपाट. मॅरेक्स हा कोंबड्यांना लुळं पाडणारा रोग बहुतेक कोवळ्या वयातच गाठतो; त्यातून आणि बाकी साथींतून औषधाविना निभावून जी अजून अंडी देते, तिची पिल्लं हवीत, हे मला तेव्हा पटलं. दिसण्यावरून निवड करणाऱ्या सगळ्यांना ती कोंबडी दाखवावी असं वाटतं.

नवा कोंबडा तिच्या रक्ताचा नको, हेही बरं सांगितलंत. भावंडांच्या जोड्या लागत गेल्या की अंड्यांतून पिल्लं कमी निघतात आणि निघतात तीही मरतुकडी. जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीत दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून तो काढल्यावर तीन आठवड्यांची अंडी खायला घेतली, मगच उबवायला ठेवली. घरचे वैतागले, पण थांबले.

तिच्या पिल्लांतले दोन नर आता बांगेला लागलेत. दोघेही अंगाने दणकट, पण एकाचं पायाचं बोट किंचित वाकडं वाटतं. ते जन्मजात की दांडीवर बसून झालेलं, मला कळत नाही. सवड झाली की एकदा हातात घेऊन बघाल का? तोवर दोघांनाही वेगळं ठेवतो.

आपला,
एक ऋणी कोंबडीपालक