एकटीचं पान

चि. जुई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच ठेवला. "लग्न करणार नाही आणि कुणासोबत राहणारही नाही" हे तू इतक्या शांतपणे म्हणालीस की मला पुढे बोलणंच सुचेना. मग अंकातली तुझी कविता पुन्हा काढून वाचली. त्यातली बाई दाराला आतून कडी लावते आणि एकटीचंच पान वाढून घेते. तिला कुणी टाकलेलं नाही, ती कुणाची वाट बघत नाही, रडगाणं तर नाहीच. इतकं सरळ तू आजवर लिहिलं नव्हतंस. मावशीलाही वाचून दाखवली.

पण रात्री ताप चढला तर त्या बाईला पाणी कोण देणार?

तू कन्नड संतकवयित्री अक्कमहादेवीचा दाखला दिलास. अगं, राजाला नाकारणाऱ्या अक्कानेही चेन्नमल्लिकार्जुनाला, म्हणजे शिवाला, पती मानलंच होतं. मेक्सिकोच्या कवयित्री सोर हुआनाला लग्न नको होतं, तसं तिने १६९१ साली लिहून ठेवलंय. पण ती मठात गेली, तिथे चार बायका होत्या. अमेरिकेची कवयित्री एमिली डिकिन्सन घराबाहेर पडेनाशी झाली तरी धाकटी बहीण लव्हिनिया त्याच घरात होती. १८८६ मध्ये एमिली गेली, तेव्हा शिवून ठेवलेल्या कवितांच्या वह्या लव्हिनियाच्याच हाती लागल्या. पुरुष नको म्हणणाऱ्या बाईला पूर्वी निदान देव तरी पुढे करावा लागे. तुझ्या कवितेत देव नाही, मठ नाही, बहीण नाही. केवढं धाडस आहे हे, मला कळतं गं. आणि त्याचीच धास्ती वाटते.

माणसाने माणसांत राहावं. आज अंगात रग आहे, पुढे दुखणीखुपणी निघतात, तेव्हा हाकेला कुणीतरी... झालं, लागले उपदेश करायला. राग मानू नकोस.

लहानपणी कपाटामागच्या फटीत पुस्तक घेऊन बसायचीस. हाका मारून आमचे घसे बसायचे, दादा रडकुंडीला यायचा. सापडलीस की म्हणायचीस, "हरवले कुठे होते? वाचत होते." तुझे बाबा आज असते तर त्यांनी तुझीच बाजू घेतली असती.

त्या मंडळींना नकार मी कळवते. कारण सांगत बसणार नाही. तू फक्त घराची एक किल्ली शेजारी देऊन ठेव. तापासाठी म्हणून नाही... हो, तापासाठीच.

तुझी,
आई